म्हणे एकदम सोडली तर बाळाला झटका बसतो!

संपादक साहेब, नमस्कार.

गरोदरपणात सिगरेट वाईट हे सगळ्यांना माहितीये, त्यावर पत्र लिहायची खरं तर गरज नव्हती. पण सवय असलेल्या बाईने एकदम सोडू नये, तिच्या टेन्शनने बाळाला झटका बसतो, त्यापेक्षा दिवसाला दोन-तीन ओढलेल्या चालतात, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात तेव्हा डोकंच फिरतं. ती बिचारी सोडायच्या विचारात असते आणि हे तिच्या हातात आयतं कारण देतात.

धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 पटीहून जास्त घट्ट चिकटतो, वारेतून पलीकडे जातो आणि बाळाच्या रक्तात त्याचं प्रमाण आईपेक्षाही जास्त होऊन बसतं, त्यात निकोटीनमुळे रक्तवाहिन्या आवळल्या जातात म्हणजे आधीच कमी ऑक्सिजन आणि तोही नीट पोचत नाही. मग झटका कशाचा, ओढण्याचा की सोडण्याचा? सोडल्यावर हा वायू एक-दोन दिवसात रक्तातून उतरतो. चिडचिड होते ती आईची, बाळाला उलट बरंच वाटत असणार.

अशा बाळांचं वजन सरासरी 200 ग्रॅमच्या आसपास कमी भरतं. त्यावरही "लहान बाळ म्हणजे डिलिव्हरी सोपी" म्हणणारे महाभाग आहेत! वार आधीच सुटणं, दिवस भरायच्या आत जन्म, पोटातच बाळ दगावणं, जन्मल्यावर झोपेत अचानक जाणं, या सगळ्याचा धोका वाढतो ते कोण बघणार. आणि हे काही आजचं नाही, सिगरेट ओढणाऱ्या आयांची बाळं लवकर जन्मतात हे विनिया सिम्पसन या संशोधिकेने 1957 लाच कॅलिफोर्नियातल्या हॉस्पिटलांच्या नोंदींवरून दाखवलं होतं.

कमी करण्यातही गोम आहे, आकडा कमी झाला की माणूस झुरके खोल मारतो, त्यामुळे वाटतो तेवढा फायदा होत नाही. पहिल्या काही महिन्यांत पूर्ण सोडली तर मात्र वजन जवळपास न ओढणाऱ्या आईच्या बाळाइतकं भरू शकतं, आणि उशिरा सोडली तरी काही ना काही फायदा आहेच. नवऱ्याने घरात ओढणं पण बंद करावं, तो धूर तिच्याच पोटात जातो.

डॉक्टर लोकांना एक विनंती, तपासणीला आलेल्या बाईला हे सरळ विचारा पण ओरडू नका, ओरडलं की ती पुढच्या वेळी "सोडली" म्हणून मोकळी होते आणि तिला मदत करायची संधीच जाते.

आपली एक वाचक