‘स्मार्ट’ म्हणजे नेमके काय, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘स्मार्ट’ हे विशेषण हल्ली वृत्तपत्रांत इतक्या निरनिराळ्या गोष्टींना लावले जाते, की त्यावरून त्या गोष्टीचा गुण कोणता हे वाचकाला पुष्कळदा उमगतच नाही. हा शब्द परका आहे म्हणून माझी हरकत नाही. ‘स्मार्टफोन’ आता मराठीच झाला आहे आणि त्याला पर्याय शोधत बसण्याची काहीच गरज नाही.

खुद्द इंग्रजीतही या शब्दाने बरीच वळणे घेतली आहेत. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ दुखणारे, झोंबणारे असा होता, आणि वेदनेसाठी जर्मन भाषेत असलेला ‘श्मेर्त्स’ हा शब्द त्याच कुळातला आहे. धुराने डोळे चुरचुरले, तर इंग्रज माणूस आजही तेच क्रियापद वापरतो. झोंबण्यावरून हा शब्द झोंबऱ्या बोलण्याकडे, तिथून चपळाईकडे, मग तल्लख बुद्धीकडे आणि नेटक्या पेहरावाकडे गेला. त्यामुळे ब्रिटनमध्ये ‘स्मार्ट’ म्हटलेला माणूस बहुधा टापटीप कपड्यांतला असतो, तर अमेरिकेत बुद्धिमान. मराठीनेही अशीच वाट धरलेली दिसते. शेंगाचटणीचा हात जखमेला लागला की ती चुणचुणते, आणि पोर तरतरीत असले की आपण त्याला चुणचुणीत म्हणतो. ‘तिखट’ हा शब्दही ‘तीक्ष्ण’वरूनच आला आहे.

बोलण्यात या अनेक अर्थांनी फारसे बिघडत नाही. स्थळाच्या जाहिरातीतला ‘स्मार्ट’ म्हणजे देखणा, संचलनाच्या मैदानावरचा म्हणजे कडक इस्त्रीचा, आणि ‘लई स्मार्ट बनू नको’मधला म्हणजे आगाऊ, हे घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या सोलापूरकरालाही प्रसंगावरून कळते. दुकानाच्या काचेवरच्या ‘स्मार्ट मुली पाहिजेत’ या पाटीत मात्र हिशेबात पक्की मुलगी हवी आहे की दिसायला बरी, हे मालकाने सोयीस्करपणे मोघम ठेवलेले असते.

बातमीत हा मोघमपणा चालू नये. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेची पहिली २० शहरे जाहीर झाली, त्यांत महाराष्ट्रातून पुण्याबरोबर सोलापूर होते. स्मार्ट शहराची सर्वमान्य व्याख्या नाही, असे त्या योजनेच्या मार्गदर्शक सूचनांतच म्हटले आहे. तरीही आपण सारे वर्षानुवर्षे ‘शहर स्मार्ट झाले का?’ यावर वाद घालत राहिलो. वाद रस्त्यांवर, नळाच्या पाण्यावर, दिव्यांवर झाला असता, तर त्याला उत्तर तरी मिळाले असते.

विजेच्या ‘स्मार्ट मीटर’चे उदाहरण याहून ठसठशीत आहे. ते मीटर वापराची नोंद ठरावीक वेळाने आपणहून वीज कंपनीकडे पाठवते, एवढाच त्या शब्दाचा तिथे अर्थ. पैसे आधी भरायचे की बिल आल्यावर, हा वेगळा प्रश्न आहे आणि असे मीटर दोन्ही प्रकारे चालू शकते. परंतु नुसते ‘स्मार्ट मीटर बसणार’ हे शीर्षक वाचून आमच्या गल्लीत पहिला प्रश्न येतो तो ‘म्हणजे आता रिचार्ज मारायचा का?’ हाच. शेतकऱ्यांसाठीच्या ‘स्मार्ट’ प्रकल्पात तर हे विशेषणच नाही. कृषी व्यवसाय आणि ग्रामीण परिवर्तनाच्या त्या प्रकल्पाच्या इंग्रजी नावातील ती आद्याक्षरे आहेत. बातमी वाचणाऱ्याला मात्र ते एखादे नवे यंत्र वाटते.

म्हणून विनंती एवढीच, की बातमीत ‘स्मार्ट’ येईल तेव्हा पहिल्याच परिच्छेदात ती वस्तू काय करते हे एका वाक्यात लिहावे: मीटर असेल तर नोंद कोण पाठवते आणि पैसे कधी भरायचे, कार्ड असेल तर त्यातल्या चिपमध्ये कोणती माहिती आहे, आणि आद्याक्षरे असतील तर प्रकल्पाचे पूर्ण मराठी नाव. शाळेतल्या चुणचुणीत मुलांना बक्षीस मिळाल्याची बातमी असेल, तर त्यांना ‘चुणचुणीत’च राहू द्यावे.

आपला,
एक नियमित वाचक, सोलापूर