डॉक्टर मॅडम, त्या दिवशी बसवून घेतलंत म्हणून

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

धाकट्या बहिणीला ल्युपस निघाला तेव्हा खानापूरला आमच्या घरी आधी विषय निघाला तो आत्तीच्या ग्रेव्हज् डिसीजचा, म्हणजे तिच्या थायरॉइडच्या आजाराचा. दोन्हींत शरीर स्वतःवरच उलटतं, म्हणजे रोग एकच, असं सगळ्यांनी धरलं. आत्तीच्या थायरॉइडच्या गोळ्या हिलाही चालतील का, इथवर बोलणं गेलं. बेळगावात तुमच्या ओपीडीबाहेर एवढी रांग असताना तुम्ही आम्हाला बसवून कागदावर चार खाने आखलेत.

गेल आणि कूम्ब्स या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये अतिसंवेदनशीलतेचे, म्हणजे शरीराची संरक्षणयंत्रणा उसळून शरीराचंच नुकसान करते त्याचे, चार प्रकार मांडले, ते नुकसान कोणत्या वाटेने होतं त्यावरून. पहिला आयजीई नावाच्या अँटिबॉडीचा, ॲलर्जीचा. तो तुम्ही लगेच बाजूला ठेवलात. दुसऱ्यात अँटिबॉडी, म्हणजे संरक्षणासाठी शरीर बनवतं ते प्रथिन, थेट पेशीवर जाऊन बसते. आत्तीच्या थायरॉइडवर बसून ती ग्रंथीला सारखी कामाला लावते. काही जण याला वेगळा पाचवा प्रकार मानतात, हेही सांगितलंत.

बहिणीचा मुख्यतः तिसरा. अँटिबॉडी आणि ती ज्याला चिकटते ते अँटिजेन एकमेकांत गुंतून किडनीत, सांध्यांत, कातडीत अडकतात. तिथे कॉम्प्लिमेंट, म्हणजे रक्तातल्या संरक्षक प्रथिनांचा गट, जागं होतं आणि सूज येते. कॉम्प्लिमेंट असं खर्ची पडतं, म्हणून आजार उसळला की रक्तातलं सी-३, सी-४ हे त्याचे घटक उतरतात. ‘दुखतात सांधे, मग दर वेळी लघवी कशाला तपासायची?’ असं बाबा विचारायचे. लघवीतून प्रोटीन जातंय का, यावरून किडनीला झळ लागल्याचं कळतं, हे ऐकल्यापासून तपासणीची तारीख तेच लक्षात ठेवतात.

चौथा टी पेशींचा, म्हणजे संरक्षण करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा. शेजारच्या मुलाचा टाइप १ मधुमेह त्यातला; त्यात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट होतात, म्हणून त्याला इन्सुलिनच लागतं. त्यातल्या ‘१’चा या पहिल्या खान्याशी संबंध नाही, हे तुम्ही आपणहून सांगितलंत, नाहीतर आमचा पुन्हा घोळ झाला असता.

मला सर्वात मोलाचं वाटलं ते तुमचं शेवटचं बोलणं: शरीर हे खाने पाळत नाही. ल्युपसमध्येच तांबड्या पेशी फुटू लागल्या तर ती दुसऱ्या प्रकारची वाट. म्हणून सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणीही चुकवायची नाही.

आता आत्तीच्या गोळ्या आत्तीकडेच आहेत. बहीण हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे ल्युपसचं औषध रोज घेते, त्याचा डोळ्यांवर परिणाम नाही ना म्हणून डोळे तपासून घेते. पाय सुजले किंवा लघवीला फेस आला तर वाट बघत न थांबता लगेच दाखवायला यायचं, हे घरात सगळ्यांना पाठ आहे. एवढं समजावून सांगितल्याबद्दल मनापासून आभार, मॅडम.

आपली,
रुग्णाची थोरली बहीण, खानापूर