पोस्टर लागतात तेव्हा यादी बंद झालेली असते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुंबई महापालिकेची निवडणूक झाल्यापासून तुमच्या पेपरात वाचकांची पत्रं येतायत आणि बहुतेकांचा सूर एकच, की आजकालच्या पोरांना मतदानाची सुट्टी मिळाली की लोणावळा आठवतं. वाचून खूप वाईट वाटलं म्हणून लिहायला बसले. मी मध्य उपनगरातल्या एका कॉलेजात शिकवते, अकरा वर्षं एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) काम बघते, आणि मतदार जागृतीचे जेवढे म्हणून प्रकार असतात, रॅली, पथनाट्य, रांगोळी, घोषवाक्य स्पर्धा, ते सगळे मी स्वतः पोरांकडून करून घेतलेत, त्यामुळे हे लांबून बघून बोलत नाहीये.

डिसेंबरातली गोष्ट. आमच्या गेटपाशी सेल्फी पॉइंट करायचा ठरला, पुठ्ठ्याचं माणसाएवढं उंच बोट, वर शाईची रेघ. माझ्या युनिटमधल्या एका मुलाने दोन दिवस खपून ते बोट कापलं, रंगवलं, नखावरची शाई चमकत नाही म्हणून घरून बहिणीची जांभळी नेलपेंट आणली आणि आख्खी बाटली त्यावर संपवली. सगळं झाल्यावर मला विचारतो, मॅडम माझं नाव यादीत टाकायला कुठे जायचं, मी ऑगस्टमध्ये अठराचा झालो. मला बोलताच येईना. कारण या निवडणुकीसाठी राज्य निवडणूक आयोगाने १ जुलै २०२५ ची विधानसभेची यादी घेतली होती, तिच्यात नाव नसलं तर विषयच संपला. लोकसभा, विधानसभेला निदान उमेदवारांचे अर्ज भरण्याच्या सुमारापर्यंत नाव घालायची संधी असते, पालिकेला तसं नसतं. हे मी त्याला सांगितलं तर "ठीक आहे मॅडम" म्हणाला आणि ब्रश धुवायला गेला. १५ जानेवारीला, मतदानाच्या दिवशी, तो दिवसभर घरीच होता, त्याला तुम्ही उदासीन म्हणणार का?

माझं म्हणणं एवढंच आहे की आपली सगळी मोहीम मतदानाच्या दिवसाभोवती फिरते आणि पोरांची गाडी अडते ती त्याच्या सहा महिने आधी, नाव नोंदवताना, आणि तेव्हा त्यांच्या आसपास कुणीच नसतं.

बघा ना, आधी १ जानेवारी ही एकच तारीख धरायचे, त्या दिवशी अठरा पूर्ण नसतील तर थांबा वर्षभर. २०२२ पासून वर्षात चार तारखा झाल्या, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर, आणि सतरा पूर्ण झाली की आगाऊ अर्जही भरता येतो. इतका चांगला बदल, पण एफवायच्या वर्गात विचारलं की फॉर्म ६, म्हणजे यादीत नवीन नाव घालायचा अर्ज, कुणाला माहीत आहे, तर चार हात वर आले. सचिन तेंडुलकरला निवडणूक आयोगाने २०२३ मध्ये नॅशनल आयकॉन केलं हे मात्र जवळजवळ सगळ्यांना माहीत. सचिनबद्दल मला आदरच आहे, पण आपला पैसा, वेळ, डोकं कशावर खर्च होतंय ते यातून कळतं. २०२४ च्या लोकसभेला देशभरात १८-१९ वयाची १.८ कोटी नावं यादीत होती, म्हणजे त्या वयाच्या पोरांपैकी निम्म्यांचीसुद्धा नाहीत. उरलेल्यांना सेल्फी पॉइंट दाखवून काय उपयोग, त्यांचं तर नावच नाही.

आणि मुंबईत नाव लागणं म्हणजे पत्ता लागणं, आणि पत्ता हीच इथली मोठी अडचण आहे. माझी एक विद्यार्थिनी, लालबागची. चाळ रीडेव्हलपमेंटला गेली, घरचे तीन वर्षं डोंबिवलीला भाड्याने. आईवडिलांची नावं जुन्या पत्त्यावर, ते मतदानाला लालबागला येतात. ही अठराची झाली तेव्हा ऑनलाइन फॉर्म भरला, आधारवर पत्ता चाळीचा, तोच टाकला, बीएलओ (यादीचं काम बघणारे बूथचे अधिकारी) चौकशीला गेले तर तिथे पत्रे ठोकलेले आणि आत जेसीबी. फॉर्म रिजेक्ट. मग डोंबिवलीचा पत्ता टाकायचा तर अ‍ॅग्रीमेंट वडिलांच्या नावावर, ते अकरा महिन्यांचं, आणि घरमालक म्हणतात आमच्या पत्त्यावर काही काढू नका, उद्या हक्क सांगाल. ही पोरगी माझ्यासमोर बसून रडली हो. तिला नगरसेवक कोण, आमदार कोण, कोणाच्या काळात चाळीची फाइल हलली, सगळं तोंडपाठ आहे. अशी किती घरं असतील, गिरणगावातली, बीडीडी चाळीतली, एसआरएतली (झोपडपट्टी पुनर्वसनातली), जी आज विरार-बदलापूरपर्यंत पांगलीत.

बाहेरून शिकायला आलेल्यांचंही तसंच. कायद्यात सोय आहे, होस्टेल किंवा पीजीत राहणारा विद्यार्थी जिथे राहतो तिथे नाव नोंदवू शकतो, पण त्याला हे कुणी सांगत नाही. सगळे म्हणतात गावाला जाऊन मत दे. परीक्षा तोंडावर, कोकणातल्या गाडीचं रिझर्व्हेशन मिळत नाही, तो कसा जाणार.

कामाला लागलेल्या पोरांचं वेगळंच. मतदानाची भरपगारी सुट्टी कायद्याने आहे, पण डिलिव्हरी करणाऱ्या पोराला पगारच नसतो तर भरपगारी कुठून येणार. माझा एक माजी विद्यार्थी लोकसभेला २० मे २०२४ च्या त्या उन्हात सकाळी रांगेत उभा राहिला, दीड तास रांग फारशी हलली नाही, बरं आत मोबाइल नेता येत नाही आणि त्याची तर रोजीरोटीच मोबाइलवर, बाहेर कोणाच्या भरवशावर ठेवणार, शेवटी निघून गेला. आता आयोगाने बूथबाहेर फोन ठेवायची सोय करायचं ठरवलंय, ते फार चांगलं केलं, असंच काहीतरी हवं असतं.

मोहिमा अशा का होतात, तेही सांगते कारण मी त्यातलीच आहे. कार्यक्रम झाला की रिपोर्ट पाठवावा लागतो. किती विद्यार्थी सहभागी झाले, कोण पाहुणे आले, फोटो जोडा, पेपरात बातमी आली असेल तर कात्रण जोडा. यादीत किती नावं लागली, हा रकाना मी अकरा वर्षांत एकदाही बघितला नाही. मग साहजिकच आहे, शिक्षक रॅली काढतात, रॅलीचा फोटो चांगला येतो. फॉर्म भरतानाचा फोटो कसा येणार, दोन पोरं लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलेली.

मागच्या वर्षी मी रॅली बंद करून कँटीनच्या दाराशी टेबल टाकलं. दोन लॅपटॉप, एक जुना स्कॅनर, आणि बोर्ड, "आधार आणि लाइट बिल घेऊन या, दहा मिनिटांत काम". आठवड्यात १४० फॉर्म गेले. त्यातले ३८ रिजेक्ट झाले, बहुतेक वेळा पत्त्याचा कागद धूसर आला म्हणून, आणि तो मेसेज पोरांनी उघडलाच नव्हता. ते ३८ परत भरून घेतले, त्याला पूर्ण महिना गेला, एकेकाच्या मागे लागावं लागलं. पण भरले. त्यातली कितीतरी पोरं १५ जानेवारीला मत देऊन मला बोटाचा फोटो पाठवत होती, एकीने तर आजीला पण सोबत नेलं.

मला आठवतं, मी अठराची झाले तेव्हा आमच्या वाडीतला मंडळाचा कार्यकर्ता स्वतः घरी फॉर्म घेऊन आला होता, फोटो काढायला स्टुडिओत पण त्यानेच नेलं. आता टॉवरच्या खाली वॉचमन अडवतो, वर कोण जाणार.

अजून एक गोष्ट मनात सलते. मत देणं ही सवय आहे आणि ती लावायच्या जागाच आपण बंद करून टाकल्या. कॉलेजच्या निवडणुका १९९४ च्या कायद्यानंतर थांबल्या, २०१६ च्या कायद्यात परत आल्या त्या कागदावर, आमच्याकडे आजही वर्गाचा सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी, मार्कांवर ठरतो. आणि पालिका बघा, मुदत मार्च २०२२ ला संपली, त्यानंतर जवळपास चार वर्षं प्रशासक. २०१७ च्या मार्चमध्ये जो अठराचा झाला त्याला पालिकेसाठी पहिलं मत द्यायला मिळालं तेव्हा तो सव्वीस पूर्ण करून सत्ताविशीत होता. मधल्या काळात त्याच्या गल्लीतलं गटार तुंबलं तर तो कोणाकडे जाणार होता? मग मतामुळे काय बदलतं हे त्याला आम्ही वर्गात बोर्डावर लिहून कसं पटवायचं, मला खरंच कळत नाही.

तुमच्याकडे एकच मागणी आहे. १ एप्रिलच्या आधी पहिल्या पानावर एक चौकट द्या. चार तारखा, फॉर्म ६ नवीन नावासाठी, फॉर्म ८ पत्ता बदलायला, कोणते कागद लागतात, भाड्याच्या घरात आणि होस्टेलवर राहणाऱ्यांनी काय करायचं, आणि अर्ज मंजूर झाला का ते कुठे बघायचं, बस. हे दर तीन महिन्यांनी द्या. चौकट आली की मी तिचे झेरॉक्स काढून प्रत्येक वर्गात लावेन आणि आमच्या भागातल्या बाकी कॉलेजांनाही नेऊन देईन, झेरॉक्सचा खर्च माझा.

आपली नम्र,
एक शिक्षिका, भांडुप, मुंबई