खोकला आला म्हणून बीपीची गोळी बंद?

संपादक साहेब, नमस्कार.

कालची आरोग्य पुरवणी वाचली अन् डोकंच फिरलं. बीपीची गोळी फक्त आकड्यासाठी असते, आकडा नॉर्मल असेल आणि खोकला येत असेल तर ती सोडून बघा, हे परत छापलं तुम्ही? मागच्या मे महिन्यातही हेच छापलं होतं. तेव्हा बाबांनी ते कात्रण कापून चष्म्याच्या डबीत ठेवलं आणि कोणाला न सांगता रॅमिप्रिल ही बीपीची गोळी बंद केली. त्यांची अँजिओप्लास्टी झालेली, रात्रभर कोरडा खोकला, वैतागले होते. मी सहज स्ट्रिप उचलून पाहिली तर दहाच्या दहा गोळ्या तशाच. भर उन्हात ऑटोनं धंतोलीला डॉक्टरांकडे नेलं, बीपी १९०/११०. डॉक्टर ओरडून राहिले आणि बाबा खिशातून कात्रण काढून दाखवून राहिले, पेपरात आलंय म्हणून!

मी ज्युनियर कॉलेजात बायोलॉजी शिकवते म्हणून लिहिते. ही गोळी ज्या एसीई (अँजिओटेन्सिन कन्व्हर्टिंग एन्झाइम) नावाच्या एन्झाइमला अडवते ते रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावरच बसलेलं असतं आणि तिथंच अँजिओटेन्सिन टू हे हार्मोन तयार करतं. त्यानं नळी आवळते. नळीला इजा झाली की, जशी अँजिओप्लास्टीत फुगा फुगवताना होते, भिंतीतल्या स्नायूपेशींतही हे एन्झाइम वाढतं, पेशी वाढत आत सरकतात आणि वाट अरुंद होते. १९८९ साली उंदरांच्या जखमी धमनीत एसीई अडवणाऱ्या औषधानं ही वाढ कमी झाली होती. माणसांत अँजिओप्लास्टीनंतर तसं जमलं नाही, १९९२ च्या ट्रायलमध्ये धमनी परत अरुंद झालीच, हेही खरं आहे आणि तेही छापा. पण मग २००० सालची होप ट्रायल पण छापा ना, ९२९७ रुग्ण, रॅमिप्रिलनं हार्ट अटॅक, स्ट्रोक, मृत्यू कमी झाले आणि बीपी मात्र थोडंसंच उतरलं होतं. मग गोळी फक्त आकड्यासाठी असते हे कशावरून लिहिलं?

खोकल्याचं म्हणाल तर हेच एन्झाइम शरीरातलं ब्रॅडीकायनिन नावाचं रसायन मोडतं, गोळीनं ते मोडणं थांबतं, ब्रॅडीकायनिन साचतं आणि खोकला सुरू होतो. डॉक्टरांना सांगितलं की ते गोळी बदलून देतात, बाबांना टेल्मिसार्टन दिली, दोन-तीन आठवड्यांत खोकला गेला. "डॉक्टरांना विचारा", एवढी एक ओळ टाकायला जागा नव्हती का? खुलासा छापाल तर पहिल्या पानावर छापा, आतल्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात नको, बाबांना ते वाचताच येत नाही.

आणि हो, रविवारच्या शब्दकोड्याचं उत्तर दोन आठवडे झाले आलं नाही, बाबा रोज पेपर उलटून शोधतात.

एक वाचक, धरमपेठ, नागपूर