भरतीचं गणित आधी, गडांची यादी मग

दादर, मुंबई

प्रिय मनू,

तुम्ही मैत्रिणींनी आखलेला बेत वाचला. भाऊच्या धक्क्यावरून गाडी रो-रो बोटीत घालून मांडवा, मग अलिबागचा कुलाबा, रेवदंडा, कोर्लई, जंजिरा, हर्णै, विजयदुर्ग आणि शेवटी सिंधुदुर्ग. आणि हे सगळं चार दिवसांत. जा, जरूर जा. पण हे किल्ले पाण्याच्या वेळेने बघायचे असतात, आणि तुमच्या कागदावर पाण्याची वेळ कुठेच दिसत नाही.

अलिबागला सकाळी नऊला कुलाबा करायचा, असं लिहिलं आहेस. मी कालनिर्णय पाहिलं, त्या दिवशी द्वादशी आहे. माझ्या माहेरी पोरांना पाऊणकी पाठ करायला लावत ती यासाठीच: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. बारा पाऊणे नऊ. म्हणजे तुम्ही किनाऱ्यावर पोचाल तेव्हा समुद्र नेमका भरलेला असेल. तिथून साधारण सहा तासांनी, तीनच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. तेव्हा सकाळी गावात कान्होजी आंग्र्यांची समाधी बघा, नीट जेवा, आणि दोनच्या सुमारास किल्ल्याकडे चालायला लागा. चारच्या आत परत या. हा हिशोब ढोबळ असतो, वाऱ्यापावसाने थोडं मागेपुढे होतं, म्हणून किनाऱ्यावरच्या कोळ्याला किंवा घोडागाडीवाल्याला विचारल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकायचं नाही. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी असतो तेव्हा, पाणी फारसं मागे हटत नाही, हेही पुढच्या वेळेसाठी लक्षात ठेव.

कुलाब्याच्या तटाला हात लावून बघ. मोठमोठे चिरे नुसते एकावर एक रचलेत, सांध्यात चुना नाही. लाट आली की पाणी फटींमध्ये शिरतं आणि तिचा जोर तिथेच विरतो. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून या किल्ल्यावर चालून आले होते आणि हात हलवत परत गेले. आत गोड्या पाण्याची पुष्करणी आहे, गणपतीचं देऊळ आहे. चारही बाजूंनी खारं पाणी असताना आत गोडं पाणी असणं, सागरी किल्ल्याचा जीव यातच असतो. जिथे जाल तिथे आधी पाणी शोधा.

रेवदंडा आणि कोर्लई एका खाडीच्या मुखाशी समोरासमोर आहेत. पोर्तुगीजांनी दोन्हीकडून वाट कशी रोखून धरली होती ते कोर्लईच्या माथ्यावरून एका नजरेत कळतं. खालच्या गावात आजही पोर्तुगीज वळणाची वेगळी बोली बोलतात. तिथल्या म्हाताऱ्या बायकांशी बोला, त्यांचे फोटो मात्र विचारल्याशिवाय काढू नका.

मुरूडला मुक्काम ठेवा. राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला जाताना नुसतं दाराकडे लक्ष ठेव. अगदी जवळ जाईपर्यंत ते दिसतच नाही. आत शिरताना हत्तींना पंजात धरलेल्या शरभाचं, म्हणजे सिंहासारख्या काल्पनिक प्राण्याचं, शिल्प दिसेल. आफ्रिकी वंशाच्या सिद्दी राज्यकर्त्यांचा हा किल्ला मराठ्यांना कधीच घेता आला नाही. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये समुद्रात भर घालून थेट तटापर्यंत वाट बांधायला घेतली होती, पण मुघलांची फौज चालून आल्यामुळे त्यांना माघारी वळावं लागलं. त्याआधी शिवाजी महाराजांच्या काळात लाय पाटील नावाच्या कोळ्याने रात्री तटाला शिड्या लावल्या, पेशवे मोरोपंत पिंगळ्यांच्या माणसांची वाट बघितली, आणि कोणी आलं नाही म्हणून पहाटे शिड्या काढून घेतल्या, असं सांगतात. महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला. दर्यावर राहणाऱ्याला पालखी काय कामाची, असं तो म्हणाला, तेव्हा महाराजांनी गलबत बांधून त्याचं नाव ‘पालखी’ ठेवलं आणि ते त्याला दिलं. मला ही गोष्ट फार आवडते. त्या काळोखात शिड्या धरून उभ्या राहिलेल्या माणसांचा विचार तिथे गेल्यावर तूही कर.

आता तुला न आवडणारी सूचना. विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग या फेरीतून काढून टाका. २५ नोव्हेंबर १६६४ ला कुरटे बेटावर ज्याचा पाया घातला, त्या सिंधुदुर्गाला घाईघाईत तासभर देऊन परत फिरणं मला पटत नाही. मालवणला वेगळे जा, मी पैसे देते. आगरदांडा-दिघी आणि वेश्वी-बाणकोट या फेरीबोटींनी गाडीसकट खाड्या ओलांडत हर्णैपर्यंत गेलात, सुवर्णदुर्ग पाहिलात, की पुष्कळ झालं.

वाचलेल्या वेळात मुरूडच्या कोळ्यांशी बोलून पद्मदुर्गाला जा. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आहेत, पण पद्मदुर्ग नाही. जंजिऱ्याला शह द्यायला महाराजांनी उभा केलेला हा किल्ला आहे. तिथे कुलाब्याच्या उलटं दिसेल: लाटांनी दगड झिजून आत गेलेत आणि सांध्यातला चुना जागच्या जागी उभा आहे. त्या चुन्याचे फोटो जवळून काढ आणि मला त्याच संध्याकाळी पाठव. तुमचे स्वतःचे नंतर पाठवलेस तरी चालतील.

तुझी,
आई