आई, तो डाग आजाराचा नाही

जर्मनी, १२ नोव्हेंबर

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. आई, माझ्या मानेवरचा डाग बघून तू परवा गप्पच झालीस. अगं, आपल्याकडे मांडी घालून व्हायोलिन पायावर टेकवतात, इथे ते हनुवटीखाली दाबून धरायचं. रोज चार-पाच तास एकाच जागी घासतं, त्यात घाम. हनुवटीची पट्टी आवळायच्या चापात निकेल असलं तर खाजही सुटते. आता मध्ये सुती रुमाल घालते.

आणि बाबा, शेवटच्या रांगेत बसवलं म्हणजे कच्ची समजतात असं मुळीच नाही! मोठ्या वाद्यवृंदात पहिली व्हायोलिनं १६, दुसरी १४, व्हियोला १२, चेलो १०, डबल बास ८. दोघांत स्वरलिपीचं स्टँड एक. श्रोत्यांकडचा वाजवत राहतो, आतला पान उलटतो. बोटांचे आकडेसुद्धा बाहेरच्याने स्वरांच्या वर लिहायचे, आतल्याने खाली. गज वर की खाली, हे मात्र पहिल्या खुर्चीवरचा ठरवतो.

त्याचीच तार तुटली तर? कुणी थांबत नाही. शेजारी आपलं व्हायोलिन त्याला देतो आणि तुटक्या तारेचं व्हायोलिन हातोहात मागे येतं, शेवटच्या रांगेपर्यंत! तिथला आत जाऊन तार बदलतो. म्हणून माझ्या खिशात कायम ‘ई’ची, म्हणजे सगळ्यांत बारीक तार असते, तीच जास्त तुटते. तार बसते त्या खाचेत पेन्सिलीचं शिसं फिरवायचं, मग तार चढवायची. ताणताना तारांखालची लाकडी घोडी खुंट्यांकडे झुकते. ती सरळ करत राहिलं नाही तर आडवी पडते, आणि मग व्हायोलिनच्या पोटातली आधाराची दांडीही निसटू शकते. नवी तार थोडा वेळ उतरतच राहते. थंडीत हीटरने हवा कोरडी पडून खुंट्याही सुटतात. बाबा तंबोऱ्याला लावतात तसा मीही खडू लावते.

कार्यालयाच्या इसाराचे पैसे पोचले का? उरलेले पुढच्या पगाराला पाठवते. गजाचे केस बदलायचे होते, पण ते जानेवारीत केले तरी चालतील, राळ जरा जास्त लावायची एवढंच. माझ्या स्थळाचं एवढ्यात नको. हे उमेदवारीचं वर्ष आहे, शेवटी सहकारी मत देतात आणि मगच नोकरी कायम होते. इथे मोठी रजा उन्हाळ्यात, सगळ्यांना एकदमच. डिसेंबरात तर कार्यक्रमांची गर्दी. म्हणजे ताईच्या लग्नाला... विचारून बघितलं मी, दोनदा.

ताईला एवढ्यात सांगू नका. रविवारी मीच फोन करते.

तुमची,
धाकटी