अहवाल बिघडतो यंत्राच्या आधी

संपादक महोदय,

मुंबईत एखाद्या रुग्णालयात नवे तपासणी यंत्र आले की बातमी होते. पण अहवाल बहुतेकदा बिघडतो तो यंत्रापर्यंत पोचण्याआधीच, रक्ताचा नमुना घेताना आणि नेताना. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू न देणारे ईडीटीए असते, म्हणजे पोटॅशियमचाच क्षार. तिच्यातले रक्त लाल झाकणाच्या साध्या नळीत ओतले, तर पोटॅशियम खोटेच चढते, कॅल्शियम उतरते. म्हणून नळ्या भरायच्या त्या आधी निळी, मग लाल, नंतर जांभळी, शेवटी साखरेसाठीची करडी. निळीत रक्त ९ भाग, गोठणे रोखणारे सायट्रेट १ भाग. खुणेपर्यंत भरली नाही, तर रक्त गोठायला लागणारा वेळ लांबलेला दिसतो. नळी हलकेच उलटसुलट करायची. सरबतासारखी घुसळली की पेशी फुटतात.

साखरेचा नमुना करडीऐवजी साध्या नळीत राहिला, तर पेशी तासाला ५ ते ७ टक्के साखर खातात. बोरिवलीहून परळपर्यंत डबा वाहतुकीत दोन तास अडकला, तर हिशेब आपणच करावा. बर्फ हाही सरसकट उपाय नाही. गार रक्तातल्या पेशींमधून पोटॅशियम बाहेर झिरपते. संकलन केंद्रावरच सेंट्रिफ्यूज, म्हणजे नळ्या गरगर फिरवणारे यंत्र, हवे: लाल नळी अर्धा तास गोठू द्यावी, मग फिरवून सीरम, म्हणजे वरचा पिवळसर द्रव, वेगळे करावे. आणि अहवालावर रक्त घेतल्याची वेळ छापावी, निव्वळ छपाईची नव्हे.

– एक वाचक, परळ, मुंबई